दर महिन्याला कोरल मिटतात? दिव्याला हात लावण्याआधी साफसफाईचा दिवस तपासा

घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. टाकी नवी नाही, वर्षभर तरी चाललेली आहे. मासे ठणठणीत. तीन आठवडे सगळं छान फुललेलं असतं आणि मग एका सकाळी हॅमर कोरल अर्धा आत ओढलेला दिसतो, मॉन्टिपोरा कोरलचा वरचा भाग फिकट पडतो, अक्रोपोरा कोरलची टोकं पांढरट होतात. आठवडाभरात थोडं सावरतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. टेस्ट केली तर आकडे ‘ठीक’ येतात, मग संशय दिव्यावर जातो. दिवा कमी केला जातो. कोरल तपकिरी दिसायला लागले की परत वाढवला जातो. महिना संपतो.

हा खेळ मी स्वतः चार महिने खेळलो. माझ्या टाकीत दगड-वाळू सोडून 200 लिटरच्या आसपास पाणी आहे, वर एलईडी, खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि डोसिंग पंप (रोज ठरलेला रसायनांचा डोस टाकणारा). दिव्याच्या ॲपमधले टक्के मी इतक्या वेळा वरखाली केले की मूळ सेटिंग काय होतं हेही शेवटी आठवेना. दिव्याचा दोष होता, पण वेगळ्या अर्थाने. खरा गुन्हेगार मोकळा होता आणि मी संन्याशाला फाशी देत होतो.

आधी कोरलकडे नीट बघा

टेस्ट किट उघडण्याआधी बॅटरी आणि भिंग घ्या. ‘पांढरं पडलं’ म्हणून जे सांगितलं जातं त्यात दोन अगदी वेगळे प्रकार असतात.

पहिल्यात कोरलची कातडी जागेवर असते, फक्त तिच्यातला रंग गेलेला असतो. पारदर्शक पडद्यातून खालचा सांगाडा दिसतो. भिंगातून बघितलं तर पॉलिप, म्हणजे कोरलचे फुलासारखे इवले जीव, अजून हलताना दिसतात. हे ब्लीचिंग. कोरलच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं, म्हणजे झूझँथेली, बाहेर टाकली गेली आहेत किंवा त्यांचा रंग उतरला आहे. कोरलच्या रोजच्या ऊर्जेचा मोठा वाटा या शैवालांकडून येतो. त्यामुळे कोरल उपाशी असतो, पण जिवंत असतो आणि परत रंग धरू शकतो. कारण बहुधा उजेड, उष्णता किंवा पाण्यातली पोषकद्रव्यं संपणं.

दुसऱ्या प्रकारात कातडीच गेलेली असते. सांगाडा कोरडा, खरखरीत दिसतो, पॉलिपच्या खोबणी रिकाम्या असतात आणि दोन-चार दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाचा थर चढतो. इथे दिव्याशी खेळत बसू नका. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण), खारटपणा, कीड, शेजारच्या कोरलचा डंख, या रांगेने शोध घ्या. शेजाऱ्याचा डंख रात्रीच सापडतो. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल उजेडात बघा. गॅलॅक्सियासारखे कोरल दिवसा साळसूद दिसतात आणि रात्री वीतभर लांब दोरे सोडतात.

कोरल कुठे बिघडला आहे, यावरूनही बरंच कळतं. फक्त वरची बाजू फिकट आणि सावलीतली बाजू रंगीत असेल तर उजेड. एकच कोरल पूर्ण बिघडला आणि बाकी मजेत असतील तर त्याची स्वतःची अडचण. टाकीच्या दोन टोकांना असलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या जाती एकाच दिवशी मिटल्या तर पाणी. माझ्याकडे मॉन्टिपोरा वरून फिकट होत होता आणि हॅमर मात्र सावलीत असूनही मिटत होता. म्हणजे दोन्ही खुणा एकत्र. मी चार महिने घोळात राहिलो तो त्यामुळेच.

वहीत काय सापडलं

टेस्टचे आकडे मी वहीत लिहायचो, पण कामं लिहीत नव्हतो. पाणी गाळणारा कार्बन कधी बदलला, काच कधी पुसली, पाणी किती बदललं, हे ‘काय लिहायचं त्यात’ म्हणून सुटायचं. पाचव्या महिन्यात तेही लिहायला घेतलं आणि मागच्या तारखा फोनमधल्या फोटोंवरून जुळवल्या. दर वेळी रविवारी मोठी साफसफाई आणि मंगळवारी सकाळी हॅमर मिटलेला. चारही वेळा.

ज्या दिवशी मी टाकीची सगळ्यात जास्त सेवा करत होतो, त्याच दिवसाने कोरल आजारी पडत होते. हे पचायला मला थोडा वेळ लागला.

रविवारची यादी अशी असायची: 40 लिटर पाणी बदलणं, कार्बनची पिशवी नवी, फॉस्फेट ओढणारं माध्यम नवं, चारही काचा लखलखीत, दिव्याखालच्या पारदर्शक झाकणावरचं मिठाचं पांढरं किटण साफ, दिव्याच्या पंख्यातली धूळ साफ. तीन तासांत सगळं. संध्याकाळी टाकी अशी चमकायची की फोटो काढल्याशिवाय राहवत नसे.

चमकण्याची किंमत

टाकीतलं पाणी महिनाभरात पिवळसर होतं. समोरून कळत नाही, कारण डोळ्यांना रोजची सवय होते. एक साधा प्रयोग करा. दोन पांढऱ्या बादल्या शेजारी ठेवा, एकीत टाकीतलं पाणी, दुसरीत नुकतं मिसळलेलं खारं पाणी. दिवसाउजेडी वरून बघा. माझ्या पहिल्या बादलीत अगदी फिक्या चहाचा रंग होता. हा पिवळेपणा सेंद्रिय अंशांचा असतो आणि तो नेमका निळा-जांभळा उजेड अडवतो. कोरलची शैवालं सगळ्यात जास्त वापरतात तोच उजेड. नवा कार्बन टाकला की एक-दोन दिवसांत पाणी स्वच्छ होतं आणि अडलेला निळा उजेड थेट कोरलवर पडतो.

त्यात झाकणावरचं किटण निघालेलं. त्यात पंखा साफ झालेला. शेवटची गोष्ट अनेकांना माहीत नसते. बरेच एलईडी दिवे तापले की स्वतःहून मंद होतात. पंख्यात धूळ आणि मीठ साचलं की दिवा हळूहळू उतरतो, ॲपमध्ये मात्र तेच 60 टक्के दिसत राहतात. पंखा साफ केला की दिवा एका झटक्यात मूळच्या ताकदीवर.

उसना पार मीटर आणून मी एका साफसफाईच्या आधी आणि दोन दिवसांनी मोजलं. सेटिंग तेच, दगड तोच, सेन्सरही त्याच खाचेत. आधी 210, नंतर 245. (पार म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल पडतो ते.) 245 हा आकडा मॉन्टिपोराला जास्त नाही, त्याला 250-300 सहज चालतात. पण महिनाभरात हळूहळू 210 वर उतरलेल्या उजेडाशी ज्याने जुळवून घेतलं, त्याला दोन दिवसांत 245 जड जातात. उजेड बदलला की शैवालं रंगद्रव्याचं प्रमाण बदलून जुळवून घेतात आणि त्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. तोवरचा जादा उजेड त्यांना वापरता येत नाही. त्यातून पेशीला घातक असे ऑक्सिजनचे क्रियाशील प्रकार तयार होतात आणि कोरल शैवालं बाहेर टाकू लागतो.

आता पाणी. माझी टाकी 7.5 डीकेएचवर चालायची (डीकेएच हे अल्कलिनिटीचं माप, बोलताना नुसतं केएच). समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी साधारण 7 असते, म्हणून मी खूश होतो. पण मी वापरत असलेलं मीठ 35 पीपीटीला (हजार भागांत 35 भाग मीठ) मिसळलं की 12 डीकेएच देतं. असं जास्त अल्कलिनिटीचं मीठ वाईट नसतं, वाढीव खप असलेल्या टाक्यांसाठी ते मुद्दाम तसं केलेलं असतं. हिशेब मात्र करावा लागतो. पाचवा हिस्सा पाणी बदललं तर 7.5 चे 80 टक्के म्हणजे 6, अधिक 12 चे 20 टक्के म्हणजे 2.4. एकूण 8.4. अर्ध्या तासात 0.9 ची उडी. 7.5 ठीक, 8.4 ही ठीक. किटच्या तक्त्यावर दोन्ही हिरव्या पट्ट्यात येतात, म्हणून ‘आकडे ठीक’. उडी कुठल्याच तक्त्यावर नसते.

त्यावर नवं फॉस्फेट माध्यम. पोषकद्रव्यं जवळपास शून्य, उजेड जास्त आणि केएच वर, या तिकडीत अक्रोपोराची टोकं जळतात, हे जुन्या हौशी लोकांना ठाऊक आहे. मी दर महिन्याला ती तिकडी स्वतःच्या हाताने जुळवत होतो.

आणि मग मी दिवा कमी करायचो

मंगळवारी कोरल मिटलेले बघून मी दिवा 30 टक्क्यांनी उतरवत असे. इथे दुसरा धक्का सुरू व्हायचा आणि तो पहिल्याहून वाईट होता.

दगडी कोरल सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढतात, आणि उजेडात हे काम कितीतरी वेगाने चालतं. दिवा उतरला की बांधकाम मंदावतं, म्हणजे अल्कलिनिटीचा खप कमी होतो. डोसिंग पंपाला हे कोण सांगणार? तो ठरलेला डोस टाकत राहतो. माझ्याकडे दिवसाला 0.8 डीकेएचचा खप होता, तो 0.6 वर आला. रोजचे 0.2 जादा. पुढच्या रविवारपर्यंत केएच 9.3. मग तो बघून मी डोस तोडायचो. मग कोरल तपकिरी दिसतात म्हणून दिवा वाढवायचो, खप वाढायचा आणि तोडलेल्या डोसमुळे केएच घसरत 7 च्या खाली. तोवर महिना भरलेला असायचा आणि पुढची साफसफाई दारात उभी.

दिवा आणि अल्कलिनिटी ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. एक ओढलं की दुसरं हलतंच.

हे मला लवकर का दिसलं नाही? एक, मी कॅल्शियम बघत होतो. सांगाड्यासाठी 1 डीकेएच खर्च होतो तेव्हा कॅल्शियम फक्त 7 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 7) आसपास उतरतं. 420 मधून 7 गेले तर बऱ्याच किटवर ते दिसतही नाही. खपाचा आरसा अल्कलिनिटी आहे, कॅल्शियम नाही. दोन, माझं केएच किट एका थेंबाला 1 डीकेएच मोजणारं होतं. 0.9 ची उडी त्यात कधी एक थेंब दाखवते, कधी शून्य. सिरिंजने मोजायचं किट घ्या. सिरिंजच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा दर वेळी तसाच राहू द्या, एकदा काढला आणि एकदा ठेवला की आकडे फसवतात. आणि टेस्ट रोज त्याच वेळेला करा. डोस कधी पडतो आणि दिवा कधी लागतो त्यावर केएच दिवसभरात हलत असतो.

मग केलं काय

पहिल्या महिन्यात एकच नियम: दिव्याला हात नाही. साफसफाई पूर्वीसारखीच. कोरल मिटले, पण चौथ्या दिवशी उघडले, नेहमीचा आठवडाभराचा सुतकी काळ आला नाही. एवढ्यावरून दुसरा धक्का माझा होता हे कळलं.

दुसऱ्या महिन्यात कार्बन, काच, पंखा सगळं केलं, फक्त पाणी बदललं नाही. हॅमर हललाही नाही. मॉन्टिपोरा मात्र फिकट झाला. तिसऱ्या महिन्यात उलट, फक्त पाणी बदललं. हॅमर मिटला, मॉन्टिपोरा तसाच. असं स्वच्छ उत्तर टाकी सहसा देत नाही, नशीब समजा. अक्रोपोराच्या टोकांचं मला शेवटपर्यंत वेगळं काढता आलं नाही. ती तिन्ही गोष्टींवर नाराज असावीत.

नंतर यादी तीच ठेवली, दिवस तोडले. पाणी आठवड्याला 10 लिटर, म्हणजे 5 टक्के. 12 च्या मिठाने तेवढ्यात केएच 0.2 च्या थोडा वर जातो, हॅमरला ते कळतही नाही. कार्बनचे चार भाग केले, दर आठवड्याला पिशवीतला एक जुना भाग काढून एक नवा. पाणी कधी पिवळं होतच नाही, त्यामुळे कधी अचानक नितळही होत नाही. फॉस्फेटचं माध्यम निम्मं केलं आणि फॉस्फेट 0.03 पीपीएमच्या खाली जायला लागला तर नवं घालायचंच नाही. नायट्रेट 5 पीपीएमच्या आसपास ठेवतो. शून्याचा हव्यास मी सोडला, शून्यावर कोरल फिकट पडतात आणि वर डायनोफ्लॅजेलेटचा चिकट तपकिरी थर यायला वाट मोकळी होते. दिव्याखालचं झाकण दर तीन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसतो. पंखा महिन्याला एकदा, पण त्या आठवड्यात दुसरं काहीही नाही.

टाकीचा केएच मी हळूहळू 8.3 वर आणला, म्हणजे मिठाशी असलेली दरीच कमी झाली. 100 लिटरला 1 डीकेएच वाढवायला साधारण 3 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं. ते आरओ पाण्यात विरघळवून, दिवसाला 0.3 च्या वर न जाता दिलं. काही जण उलट नव्या पाण्याचा केएच आम्लाने उतरवतात. घरात तो प्रकार मला तरी नको वाटतो.

डोसिंग पंपाचा डोस मोजनळीत धरून बघा. आतली नळी झिजते आणि 10 मिलीचे 8 कधी होतात ते पंपाच्या पडद्यावर दिसत नाही.

खारटपणा आणि तापमान, थोडक्यात

बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं. 200 लिटरमधून रोज 3 लिटर उडत असतील आणि दोन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची गोड्या पाण्याने भरपाई) झालं नाही तर 35 पीपीटीचे 36 होतात. मग घाईने 6 लिटर गोडं पाणी एकदम ओतलं की तासाभरात परत 35. तुमचे कोरल दर सुट्टीनंतर मिटत असतील तर इथेच शोधा. टॉप-अपचा फ्लोट (तरंगणारा स्विच) गोगलगायीने अडवल्याची उदाहरणंही काही कमी नाहीत. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. आरओ पाण्यावर शून्य बरोबर दाखवणारं यंत्र 35 ला चुकलेलं असू शकतं.

तापमान 25 ते 26 अंशांत ठेवा, दिवसभराची हालचाल 1 अंशाच्या आत. समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा फक्त 1 अंश जास्त उष्णता चार आठवडे टिकली की ब्लीचिंगची शक्यता धरतात, इतकी कमी जागा या जिवांकडे असते. बदलायचं पाणी आधी त्याच तापमानाला आणा, हात बुडवून अंदाज नको. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावलात तर तापमान उतरेल, पण बाष्पीभवन वाढेल आणि टॉप-अपचा डबा लवकर रिकामा होईल.

दिवाच दोषी असेल तर

असतोही. नवा दिवा लावला, जुन्या टी-5 ट्यूबलाइट एकदम सगळ्या बदलल्या, कोरल खालून वर हलवला किंवा वीज जाऊन आल्यावर कंट्रोलर मूळ सेटिंगला गेला आणि दिवा पूर्ण ताकदीने चालला, तर शंका सरळ दिव्यावर घ्या. शेवटचा प्रकार ओळखायला सोपा: वीज आल्यावर घड्याळ आणि दिव्याचं वेळापत्रक जुळतं का बघा.

पार मीटर नसेल तर फोनच्या लक्स ॲपवर आकडा म्हणून विसंबू नका. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो आणि आपल्या डोळ्याला निळा फार कमी दिसतो. म्हणून निळ्या दिव्याखाली तो बराच कमी आकडा दाखवतो. मात्र तोच फोन, तीच जागा, तेच रंग असतील तर साफसफाईआधी आणि नंतर फरक पडला का, एवढं सांगायला तो पुरतो. ॲपमध्ये नुसता पांढरा चॅनल ‘दिसायला छान’ म्हणून 10 टक्के वाढवला तरी पार वाढतो, हेही ध्यानात असू द्या.

मऊ कोरल आणि मोठ्या पॉलिपचे दगडी कोरल 50 ते 150 पारमध्ये सुखी असतात, लहान पॉलिपच्यांना 200 ते 350. दिवसाला 8 ते 10 तास पुरे. नव्या दिव्यावर जाताना आधीचा पार मोजता आला तर नवा दिवा तेवढ्याच आकड्यावर आणून सुरू करा. मोजता आला नाही तर निम्म्या ताकदीवर. मग आठवड्याला 5-7 टक्के, पाच-सहा आठवडे. मध्येच एखादा कोरल वरून फिकट झाला तर मागे न जाता आहे तिथेच दोन आठवडे थांबा. त्या एकट्या कोरलवर बारीक जाळीचा तुकडा टाकला तरी चालतं. आणि हे सगळे आठवडे केएच रोज मोजा. उजेड वाढेल तसा खप वाढत जातो आणि गेल्या महिन्यात पुरणारा डोस या महिन्यात मागे पडतो.